पहिली खुर्ची

मॅलकी टूही दोन्ही काखांत दोन-दोन घडीच्या खुर्च्या मारून हॉलमध्ये शिरला, तेव्हा मी आतल्या स्वयंपाकघरात पावाला लोणी लावत होते. मी मान वर केली नाही. खुर्च्यांचा तो खडखडाट आणि त्याचं नाकातल्या नाकात गुणगुणणं मी इतकी वर्षं ऐकत आले होते, की चर्चच्या घंटेसारखं ते नुसतं कानावरून जायचं.

"ब्रीदा, चहाचं भांडं चढवू का?" त्यानं दारातून विचारलं.

"इतक्यात कशाला? लोक यायला अजून अवकाश आहे. तोवर त्याचा काढा होईल."

"मग खुर्च्या मांडतो."

"मांड. पण तो कोट आधी काढून ठेव. चुरगळेल."

कोट त्याचा एकच होता, काळा. गावातल्या प्रत्येक मयतीला तो तोच घालायचा. त्या संध्याकाळीही तोच घालून आला होता, कारण नोकरी मागायला जाताना घालायचा म्हणून वेगळा कोट आमच्या गावातल्या माणसांकडे नसतोच. खुर्च्याही काळ्याच. त्या गस कॉस्टिगनच्या. गसचं मुख्य रस्त्यावर लोखंडी सामानाचं दुकान, दुकानामागे लाकडाचं आवार, आणि आवाराच्या कडेला शवपेट्यांची खोली. आमच्याकडे माणूस गेलं की पुढचं सगळं गस बघायचा. त्याची ती खोली लहान, म्हणून अंत्यदर्शन पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या, हॉलमध्येच व्हायचं, आणि खुर्च्या मांडायला मॅलकी यायचा. त्याला कोणी बोलवायचं नाही, कोणी नको म्हणायचं नाही. नाताळात गस त्याला व्हिस्कीची एक बाटली द्यायचा. तेवढंच.

पण त्या संध्याकाळी मॅलकी नुसत्या खुर्च्या मांडायला आला नव्हता. त्यांतल्या एका खुर्चीवर त्या दिवशी त्याला स्वतःला बसायचं होतं.

आमच्या गावात साखर कारखाना होता, बीटाचा. पानं झडायला लागली की ट्रॅक्टरच्या रांगा पार पुलापलीकडे जायच्या. रस्ताभर चिखल, चिखलात सांडलेले बीट, आणि नाताळ उलटेपर्यंत साऱ्या गावाला उकडलेल्या बीटाचा गोडसर, कुबट वास. बाहेरची माणसं नाक धरायची. आम्हाला तो वास आला की धीर यायचा. घरात मुलांना नवे बूट येणार, असा तो वास होता. मी कारखान्याच्या फोनवर होते. लग्नाच्या आधी लागले ती शेवटच्या दिवसापर्यंत. माझ्यासमोर फळीवर दिवे लागायचे आणि कानात माणसं बोलायची. नाव कोणी सांगायचं नाही. "वजनकाटा बोलतोय." "पोती भरायचा विभाग." आणि दुपारी एकदा हमखास, "ब्रीदा, भट्टी बोलतेय. आज खानावळीत मासे आहेत का, बघ ना जरा."

भट्टी म्हणजे मॅलकी. बीटाचा रस स्वच्छ करायला चुना लागतो, तो भाजायची भट्टी. शाळा सुटली तसा तो तिच्याजवळ जाऊन उभा राहिला, तो कारखाना बंद होईपर्यंत तिथेच होता. फोनवर मागचा घों-घों आवाज आला की मी त्याच्या आधीच म्हणायचे, "बोल, भट्टी."

कारखाना बंद झाला तेव्हा भाषणं झाली, वर्तमानपत्रात फोटो आले. तरुण पोरं कॅनडाला गेली, ऑस्ट्रेलियाला गेली. पन्नाशीच्या आगेमागेची मागे राहिली. पहिल्या वर्षी लोक त्यांना विचारायचे, काही लागलं का रे कुठे? दुसऱ्या वर्षी विचारणं कमी झालं. नंतर कोणी विचारीना, आणि हळूहळू ती माणसं दिसेनाशी झाली. म्हणजे होती गावातच, पण कामाच्या वेळेत मुख्य रस्त्यानं जायचं त्यांना अवघड वाटायचं. ती कालव्याच्या बाजूनं, मागच्या गल्लीनं जायची. पाव आणायला दिवेलागणीला निघायची, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, कामावरून परतताहेत. मॅलकी मला अधूनमधून फोन करायचा, आईच्या औषधाचं काहीबाही विचारायला. मी "हॅलो" म्हटलं की पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग हलकेच, "मीच आहे." भट्टी गेली होती, आणि तिच्या जागी सांगायला त्याला दुसरं काही सापडत नव्हतं.

लग्न त्यानं केलं नव्हतं. तो आणि आई. आई गेली तेव्हासुद्धा हॉलमध्ये खुर्च्या त्यानंच मांडल्या. आमच्यात घरची माणसं पेटीशेजारी, भिंतीला लागून ओळीनं बसतात. सगळ्यांत जवळचं माणूस पहिल्या खुर्चीवर. आणि सारं गाव एकामागून एक येऊन प्रत्येकाचा हात हातात घेतं. "वाईट झालं हो." "आलात, बरं वाटलं." त्यापलीकडे कोणी काही बोलत नाही, आणि बोलायचंही नसतं. मॅलकीनं हाताच्या सवयीनं भिंतभर खुर्च्या मांडल्या आणि पहिलीवर जाऊन बसला. एक भाऊ, तो मेलबर्नला. बाकीच्या खुर्च्या रिकाम्या. मला ते बघवेना, म्हणून मी जाऊन दुसरीवर बसले. लोकांनी माझाही हात हातात घेतला, मीही म्हटलं, आलात, बरं वाटलं. सगळं आटोपल्यावर मॅलकी उठला, त्यानं कोट काढला, आणि खुर्च्या मिटून गसच्या गाडीत चढवल्या.

असं चाललं होतं, आणि मग क्लोडा आली. जिल्ह्याच्या कचेरीनं पाठवलेली पोर, पंचविशीतली, गाडीच्या मागच्या सीटवर कायम कागदी पेल्यांचा ढीग. आठवड्यातून दोनदा हॉलच्या बाजूच्या खोलीत बसायची आणि ज्यांना वर्षानुवर्षं काम नाही अशांना गोळा करायची. मी चहा करायला म्हणून गेले आणि मग जातच राहिले. सुरुवातीला तिच्याकडे दोघंच यायची. पुढे सात झाली.

"यांना कोणी नाकारत नाहीये, ब्रीदाबाई," ती मला एकदा म्हणाली. "नाकारायला माणूस आधी दिसावा लागतो. यांचे अर्ज कोणी शेवटपर्यंत वाचतच नाही. एवढी वर्षं रिकामी दिसली की कागद बाजूला."

म्हणून तिनं ठरवलं, कागदच नको. गावातल्या आणि आसपासच्या मालकांना एका संध्याकाळी हॉलमध्ये बोलवायचं. लहान लहान टेबलं, टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस, थोडा वेळ बोलणं, मग पुढच्या टेबलावर. ती प्रत्येक दुकानात जाऊन, हो म्हणेपर्यंत बसून राहिली. गस कॉस्टिगन हो म्हणाला. सुपरमार्केटवाला डेम्प्सी, जनावरांच्या बाजाराचा व्यवस्थापक, वृद्धाश्रमाची मेट्रन, सगळे हो म्हणाले. आणि नदीकाठच्या चीजच्या कारखान्याच्या मिसेस हॅकेटही. त्या गावातल्या नव्हत्या, डब्लिनहून आल्या होत्या. त्यांच्या बॉयलरवर दोन माणसं हवी होती.

ती दोन माणसं हवी आहेत हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवसापासून मॅलकी माझ्या स्वयंपाकघरात येऊन तालीम करायला लागला. क्लोडा टेबलाच्या त्या बाजूला मिसेस हॅकेट होऊन बसायची.

"नाव सांगा."

"मॅलकी टूही."

"पुढे?"

"पुढे काय? बरं चाललंय."

"'बरं चाललंय' नाही म्हणायचं, मॅलकी. बरं चाललं असतं तर आपण इथे कशाला बसलो असतो?"

"मग काय, वाईट चाललंय म्हणू?"

मला इतकं हसू आलं की बशीत चहा सांडला. क्लोडाही हसली, पण तिनं पिच्छा सोडला नाही. शेवटी तिनं त्याच्याकडून तीन वाक्यं बसवून घेतली. मी मॅलकी टूही. तीस वर्षं मी साखर कारखान्याची भट्टी सांभाळली. मला तुमच्या बॉयलरवर काम करायचं आहे. पहिली दोन त्याला आली. तिसरं अडायचं. मला अमुक हवं आहे, असं तोंडानं म्हणायची आमच्याकडे कोणाला सवय नसते. लहानपणी दुसऱ्यांदा केक मागितला तर आई डोळे वटारायची. तिसरं वाक्य तो माझ्या साखरेच्या भांड्याकडे बघून म्हणायचा. एके दिवशी त्यानं मान वर केली आणि क्लोडाच्या डोळ्यांत बघून ते म्हटलं. तिनं टाळ्या वाजवल्या. तो कानांपर्यंत लाल झाला.

ती गेल्यावर तो कपातला उरलेला चहा पीत बसला.

"माझ्या खिडकीतून त्या चीजच्या कारखान्याची वाफ दिसते, ब्रीदा," तो म्हणाला. "सकाळी उठलो की आधी ती बघतो. आज कुठल्या बाजूला चाललीय. एकदा तरी ती आपण सोडलेली असावी, असं वाटतं."

मग उठून त्यानं कप धुऊन ठेवला.

तर त्या संध्याकाळी पावाला लोणी लावून झालं, हॅम घालून झालं. क्लोडा मिसेस हॅकेटना आणायला गेली होती; त्यांना हॉल सापडत नव्हता. वाटेतून तिनं मॅलकीला फोन केला होता, खुर्च्या मांडून ठेवा, मी पोचतेच. टेबलं बाजूच्या खोलीत होती. टेबलांचं ती बोलायला विसरली, आणि मॅलकीनं खुर्च्या मांडल्या त्या त्याला माहीत होत्या तशाच. डावीकडच्या भिंतीला लागून, एका ओळीत.

मग बाकीचे आले. इग्गी ब्रॉफी, साखर कारखान्याच्या बॉयलरघरातला, घरी तीन मुली. पोती भरणारी अट्रॅक्टा फीनी. आणखी चौघं. सगळ्यांच्या अंगात मयतीचे कपडे, इस्त्री केलेले, सगळ्यांचे केस पाण्यानं चापून बसवलेले. ओळीनं बसले, हात मांडीवर. मॅलकी पहिल्या खुर्चीवर, कारण ती स्वयंपाकघराच्या दाराजवळ होती आणि चहासाठी त्याला उठता आलं असतं. त्याचे ओठ हलत होते. तीन वाक्यं. मी सँडविचचं ताट घेऊन बाहेर आले आणि त्या ओळीकडे बघून मला काहीतरी फार ओळखीचं वाटलं. एवढंच वाटलं.

बाहेर फाटकाशी मालकमंडळी जमली होती. आत कोणी येईना. आमच्याकडे कुठल्याही दारातून पहिलं कोणी शिरत नाही. सगळे एकमेकांना म्हणतात, तू हो पुढे. तेवढ्यात गस आला. शेजारच्या गावातला दफनविधी आटोपून तो थेट तिथूनच आला होता. अंगात लांब काळा कोट, हातात काळी हॅट. आयुष्यभर सगळ्यांच्या पुढे चालणं हेच त्याचं काम, त्यामुळे तो थांबलाच नाही. दार ढकलून आत आला. समोर त्याच्याच काळ्या खुर्च्या, भिंतीला लागून. ओळीनं बसलेली काळ्या कपड्यांतली माणसं, पायांकडे बघत.

गसनं विचार केला नसणार. पायांनीच त्याला नेलं. तो सरळ पहिल्या खुर्चीपाशी गेला, वाकला आणि मॅलकीनं पुढे केलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"वाईट झालं रे, मॅलकी."

आणि मॅलकी अर्धवट उठून म्हणाला, "आलास, बरं वाटलं."

गस पुढच्या खुर्चीकडे सरकला होता. त्याच्यामागे डेम्प्सी, त्याच्यामागे मेट्रन, मग बाजारवाला. पुढचा हात धरतोय म्हटल्यावर मागच्यानंही धरला. वाईट झालं हो. वाईट झालं, अट्रॅक्टा. सगळे हलक्या आवाजात, माना थोड्या तिरप्या करून. मी ताट हातात धरून उभी. क्लोडा दारात येऊन थबकली होती, हातात नावांच्या चिकटपट्ट्यांचा गठ्ठा, मागे मिसेस हॅकेट. ओळ पुढे सरकली तशा मिसेस हॅकेटही तिच्यात शिरल्या आणि हात मिळवू लागल्या. दुसरं काय करणार?

आपण काय करतोय हे पहिल्यांदा लक्षात आलं ते डेम्प्सीच्या. त्याच्या हातात तेव्हा इग्गीचा हात होता. तो तसाच थांबला, तोंड उघडं. हात सोडावा की धरावा, त्याला कळेना.

इग्गीनं वर पाहिलं. "जरा उशीर केलात, डेम्प्सी," तो म्हणाला. "पण आलात."

मग अट्रॅक्टाला हसू फुटलं, ते थांबेना, आणि मग बघता बघता तिनं रुमाल काढला आणि डोळ्यांना लावला. इग्गीचाही चेहरा वाकडा झाला. कारखाना बंद झाला तेव्हा कोणी त्यांच्या घरी आलं नव्हतं. कोणाचं माणूस गेलं असतं तर सारं गाव आलं असतं, केक आणले असते, हात धरले असते. पण नोकरी गेली तर काय म्हणायचं, हे आमच्याकडे कोणाला माहीत नव्हतं, म्हणून कोणी काही म्हटलंच नव्हतं. ते आता, चुकून, म्हटलं गेलं होतं.

आणि मग जे झालं ते आमच्याकडे मयतीच्या चहाला होतं तेच. भिंतीची ओळ मोडली, कप आले, आणि गेलेल्याच्या आठवणी निघाल्या. बीटाची लॉरी पुलावरून नदीत गेली होती आणि बदकं दोन दिवस गोड पाणी पीत होती. पहाटेच्या भोंग्यावर मेट्रनच्या आईचं घड्याळ चालायचं. बाजारवाल्याचे वडील वजनकाट्यावर होते, तो त्यांच्याबद्दल इतकं बोलला की मी इतक्या वर्षांत त्याला तेवढं बोलताना ऐकलं नव्हतं. क्लोडा माझ्याजवळ आली. टेबलं आणूया का, असं ती कुजबुजली, पण तिलाही दिसत होतं की आता टेबलांना जागा नाही. ज्याला ती एकाशी एक बोलणं म्हणत होती, ते संपूर्ण हॉलमध्ये चाललं होतं. फक्त कोणी स्वतःबद्दल बोलत नव्हतं.

मॅलकी किटली घेऊन फिरत होता. मिसेस हॅकेट खिडकीशी एकट्या उभ्या होत्या, तिथे तो गेला आणि त्यांच्या कपात चहा ओतला. मी दोन हातांवर होते. त्यांनी विचारलं, तुम्हीही होतात का कारखान्यात? तो म्हणाला, होतो. मी वाट बघत राहिले. तीन वाक्यं तिथे, ओठांशी, येऊन उभी होती, हे मला दिसत होतं.

"त्या इग्गीला भेटा तुम्ही," मॅलकी म्हणाला. "इग्गी ब्रॉफी. तो तिकडे, उंच. त्याच्यासारखा बॉयलरवाला जिल्ह्यात नाही. आणि माणूस म्हणून सोन्यासारखा. तीन मुली आहेत त्याला. एकदा हिवाळ्यात पाइप गोठले, तर सगळी रात्र त्यानं..."

अशी आणखी बरीच स्तुती त्यानं केली. आमच्याकडे गेलेल्या माणसाबद्दल बोलतात तशी. मिसेस हॅकेटनी लक्ष देऊन ऐकलं, त्याचे आभार मानले आणि त्या इग्गीकडे गेल्या. मॅलकी किटली भरायला आत आला.

लोक गेल्यावर क्लोडानं त्याला गाठलं. ती रागावली नव्हती. रडायच्या बेतात होती.

"तीन वाक्यं होती, मॅलकी. फक्त तीन."

तो खुर्च्या मिटत होता. "होती ना. पाठ होती."

"मग?"

"पहिल्या खुर्चीवरचा माणूस स्वतःबद्दल कसा बोलेल, पोरी?" तो म्हणाला. "लोक हात धरून गेले, वाईट झालं म्हणाले. त्यानंतर लगेच, मला काम द्या म्हणायचं? बरं दिसत नाही ते."

तिला ते पटलं नाही. मला पटलं, आणि पटलं म्हणूनच वाईट वाटलं.

पुढच्या आठवड्यात इग्गीला चीजच्या कारखान्यातून बोलावणं आलं. अट्रॅक्टाला मेट्रननं वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात घेतलं. आणखी एकाला डेम्प्सीनं गोदामात. जिल्ह्याच्या कचेरीनं क्लोडाचं कौतुक केलं. पण बॉयलरवरची दुसरी जागा राहिली होती, म्हणून ती पुन्हा मिसेस हॅकेटकडे गेली आणि मॅलकीबद्दल बोलली. परत आली ती माझ्याकडेच आली, कोटसुद्धा न काढता टेबलाशी बसली.

"त्या म्हणाल्या, कोण, ते चहा देत होते ते? मला वाटलं, ते हॉलचे आहेत."

मी विचारलं, मग तू काय सांगितलंस? तिनं सगळं सांगितलं होतं, भट्टीचं, तीस वर्षांचं. मिसेस हॅकेटना वाईटही वाटलं होतं. पण दुसरी जागा आदल्या दिवशीच कोणाच्या तरी पुतण्याला देऊन झाली होती.

ते शब्द आम्ही मॅलकीला कधी कळू दिले नाहीत. जागा भरली, एवढंच सांगितलं. तो म्हणाला, इग्गीला मिळाली ना, मग झालं तर. आणि खरंच त्याला आनंद झाला होता, तेही सांगायला हवं. इग्गीची पहिली पाळी होती त्या दिवशी तो कालव्याच्या वाटेनं नाही, मुख्य रस्त्यानं चालत पुलापर्यंत गेला आणि कठड्याला टेकून वाफ बघत उभा राहिला. मी बसमधून पाहिलं त्याला. वारा नव्हता, वाफ सरळ वर चालली होती.

वर्ष संपलं तसे क्लोडाच्या कामाचे पैसे कचेरीनं दुसऱ्या गावाकडे वळवले. ती गेली. कधीमधी कार्ड येतं तिचं. बाजूच्या खोलीत आता मुलांना नाच शिकवतात. मॅलकी पूर्वीसारखाच मयतींना येत राहिला, खुर्च्या मांडत राहिला, नाताळात व्हिस्की घेत राहिला. बाकी कुठे तो दिसायचा नाही. मला फोन करायचा. मी हॅलो म्हणायचे. पलीकडे क्षणभर काहीच नाही. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "कोण, भट्टी का?" तो म्हणाला, "हो. भट्टीच."

गेल्या नोव्हेंबरात तो गेला. झोपेतच. दोन दिवस दाराशी दूध तसंच पडलेलं दिसलं, तेव्हा शेजारणीनं इग्गीला बोलावलं.

दर्शन हॉलमध्येच. खुर्च्या इग्गीनं मांडल्या. मेलबर्नचा भाऊ आता प्रवास करण्यासारखा राहिलेला नाही, घरचं म्हणून कोणीच नव्हतं. म्हणून इग्गी, अट्रॅक्टा, ते जुने सगळे येऊन ओळीत बसले. मीही. इग्गी पहिल्या खुर्चीपाशी गेला, टेकल्यासारखा झाला, आणि उठून दुसरीवर सरकला. मग आम्ही सगळेच एकेक खुर्ची सरकलो. पहिली तशीच राहिली.

सारं गाव आलं. इतकं गाव मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. ज्यांच्या ज्यांच्या घरी त्यानं खुर्च्या मांडल्या होत्या ते सगळे आले, म्हणजे कोणीच राहिलं नाही. येणारा प्रत्येक जण सवयीनं पहिल्या खुर्चीपाशी थांबायचा, हात पुढे करायचा, मग हात मागे घेऊन पुढे सरकायचा.

नंतर चहाच्या वेळी गस माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. म्हातारा झालाय आता तोही.

"फार चांगला माणूस," तो म्हणाला. "माझ्या आवारात मला कायम कोणीतरी हवंच असायचं, ब्रीदा. लाकूड लावायला, भट्टीवर लाकूड वाळवायला. आनंदानं घेतला असता मी त्याला. त्यानं कधी मागितलंच नाही."

"त्या संध्याकाळी हात पुढे केला होता त्यानं, गस," मी म्हटलं. "तू तो धरलाही होतास."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. हॅटची कड बोटांनी फिरवत राहिला, आणि मग कोणीतरी हाक मारली म्हणून गेला.

इग्गीची रात्रपाळी होती, तो लवकर निघाला. बाकीचेही एकेक करून गेले. मी कप धुतले, पुसले आणि घरी आले.

चार दिवसांनी केकचा डबा आणायला म्हणून मी हॉलवर गेले. दार नुसतंच लोटलेलं होतं. आत थंडी होती, आणि शिळ्या फुलांचा वास. खुर्च्या भिंतीला लागून तशाच होत्या, ओळीनं. कोणी मिटल्या नव्हत्या. त्या मिटाव्या लागतात हेच कोणाच्या लक्षात आलं नसावं. त्या नेहमी आपोआप नाहीशा व्हायच्या.

पहिली रिकामी होती. मी जाऊन दुसरीवर बसले.